आधी झाडे लावा, मासे मागाहून आणा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला घरगुती मत्स्यालयावरचा लेख वाचला. टाकी कुठे ठेवावी, भरलेल्या टाकीचे वजन किती होते, फिल्टर कसा निवडावा याबद्दल लेखकाने जे लिहिले आहे ते सगळे बरोबर आहे. पण जिवंत झाडांना लेखात जेमतेम तीन ओळी मिळाल्या आहेत आणि त्या तिन्ही ओळींना माझी हरकत आहे. पहिले दोन महिने टाकीत फक्त मासे ठेवावेत, पाणी स्थिरावले की हौस म्हणून एखाददुसरे झाड लावावे, नवशिक्यांनी तर प्लास्टिकचीच झाडे वापरावीत, असा त्यांचा आशय आहे.

लोकांच्या घरच्या, दवाखान्यांतल्या आणि कार्यालयांतल्या टाक्यांची देखभाल करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. मला येणाऱ्या फोनपैकी सर्वांत काकुळतीचे फोन नवी टाकी मांडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातले असतात. 'पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग मासे का मरतायत?' हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की टाकी न बघताही पुढचे मी सांगू शकते. खाली रंगीत खडी, एका कोपऱ्यात प्लास्टिकचे झाड, दुकानातून पहिल्याच दिवशी आणलेले डझनभर मासे आणि जिवंत पान एकही नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लेखातला क्रम उलटा करायला हवा. झाडे आधी आणि भरपूर, मासे नंतर आणि थोडे.

त्यामागचे कारण सांगते. मासा खाल्लेल्या अन्नातले जास्तीचे नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट माशांना बरेच कमी घातक असते. नव्या टाकीत हे जिवाणू नसल्यातच जमा असतात आणि ते फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना दुप्पट व्हायला कित्येक तास लागतात, कधी दिवसही लागतो. त्यामुळे त्यांची पुरेशी वसाहत व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस मासे आपल्याच उत्सर्जनात पोहत असतात. पाणी नितळ दिसते, कारण अमोनियाला रंग नसतो.

त्यातही पाण्याचा सामू, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप (pH), महत्त्वाचा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियमच्या रूपात तो माशांना फारसा बाधत नाही, मुक्त अमोनिया मात्र कल्ले जाळतो. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास दहापट होते. दोन घरांत सारखेच मासे, सारखेच खाद्य आणि एका घरातले मासे जगतात, दुसऱ्या घरातले मरतात, यात नशिबाचा भाग नसतो. नळाच्या पाण्याचा सामू वेगळा असतो.

आता झाडांचे बघा. झाडाला वाढायला नत्र लागते आणि पाण्यातली बहुतेक झाडे नायट्रेटच्या आधी अमोनियम उचलतात. नायट्रेट घेतले तर झाडाला त्याचे पुन्हा अमोनियम करून मगच ते वापरता येते, त्यात ऊर्जा खर्च होते. आयते अमोनियम समोर असताना ते हा खटाटोप का करेल? म्हणजे जिवाणूंची वाट बघायला लावणारे जे काम आहे, ते जोमाने वाढणारी झाडे रुजल्याबरोबर करू लागतात. शिवाय त्यांच्या पानांवर आणि मुळांवर ते जिवाणूही आधीपासून बसलेले असतात, ते फुकटात टाकीत येतात. झाडांची खरी गरज पहिल्या दोन महिन्यांत असते आणि लेखात नेमके तेच दोन महिने वगळायला सांगितले आहेत.

हे काही आजचे ज्ञान नव्हे. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांवर उजेडात बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात, हे यान इंगेनहौझ या डच वैद्याने १७७९ मध्येच मांडले होते. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने बारा गॅलनच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे झाड ठेवले. जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा ती कुजकी पाने खाणाऱ्या तळ्यातल्या गोगलगायी त्याने आत सोडल्या आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे सांगितला. घरातल्या टाकीचा इतिहास झाडापासून सुरू होतो. विजेचे पंप आणि फिल्टर फार नंतर आले. आज मी कुणालाही फिल्टर काढून टाकायला सांगणार नाही, कारण आपण वॉरिंग्टनपेक्षा बरेच जास्त मासे ठेवतो. पण झाड म्हणजे सजावट, ही समजूत मात्र सोडायला हवी.

'आम्ही झाडे लावून पाहिली, ती आठवड्यात कुजली' असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. पण झाड कुजले की मेले असे समजून ते उपटून फेकतात आणि तिथे गडबड होते.

दुकानात कुंडीत मिळणारी बरीच पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असते. मुळे ओली, पाने दमट हवेत. हवेत ती लवकर वाढते आणि शेवाळ लागत नाही, म्हणून उत्पादक तसे करतात, त्यात फसवणूक काही नाही. मात्र हवेतले पान आणि पाण्यातले पान यांची घडण वेगळी असते. ॲमेझॉन स्वोर्डचे नवे आणलेले झाड हातात घेऊन बघा. पान रुंद, देठ लांब आणि ताठ, वरचा पृष्ठभाग किंचित मेणचट. पाणी निसटून जाऊ नये म्हणून पानावर हे आवरण असते आणि वायूंच्या देवघेवीसाठी रंध्रे असतात. हे पान बुडवले की दोन्ही निरुपयोगी ठरतात. पाण्यात वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पान पातळ लागते. झाडाला हे ठाऊक असल्यासारखे ते वागते. जुनी पाने कडेने पिवळी पडतात, मग त्यांवर पारदर्शक डाग येतात, बोट लावले तर पान विरघळल्यासारखे हाताला लागते. पण त्याच वेळी गड्ड्याच्या मधोमध पाहिले तर एक अरुंद, फिकट पोपटी, जवळजवळ आरपार दिसणारे पान वर येत असते. शिराही मोजता येतात. ते या पाण्यात जन्मलेले पान, आणि तेच पुढे टिकते.

क्रिप्टोकोरिन तर याहून नाट्यमय. जागा बदलली, पाणी बदलले, नुसता दिवा बदलला तरी काही दिवसांत सगळी पाने गाळून मोकळे होते. खडीत नुसत्या मुळ्या उरतात. एका घरातल्या आजोबांनी तसे झालेले झाड उपटून कचऱ्यात टाकले होते, ते मी परत धुऊन लावले आणि त्यांना महिनाभर तिथे हात लावू नका म्हणून सांगितले. आज त्या टाकीचा अर्धा तळ क्रिप्टोने भरला आहे. तेव्हा कुजलेली पाने रोज कात्रीने काढा, कारण ती तशीच राहिली तर स्वतःच अमोनिया सोडतात. मुळांना मात्र हात लावू नका. आणि हीसुद्धा मासे मागाहून आणण्याचीच एक सबळ बाजू आहे. झाडांची ही पानगळ रिकाम्या टाकीत होऊन जाऊ द्या.

आता ज्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते ते लिहिते. मत्स्यालयासाठी म्हणून विकली जाणारी कितीतरी झाडे मुळात पाणवनस्पती नसतातच. 'लकी बांबू' या नावाचा ड्रॅसिना, पांढरे पट्टे असलेला स्पायडर प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, जांभळ्या सुरकुतलेल्या पानांचा हेमिग्राफिस, ही सगळी जमिनीवरची झाडे. यांतल्या काहींची मुळे पाण्यात छान राहतात, पण पाने हवेत लागतात. पूर्ण बुडवल्यावर ती हळूहळू गुदमरतात. वाईट असे की ती लगेच मरत नाहीत. ड्रॅसिना कित्येक आठवडे जसाच्या तसा उभा दिसतो, आतून मऊ पडत जातो आणि मग एक दिवस बुडापासून लगदा होऊन पाण्यात सुटतो. तोवर विकत घेतल्याला एवढा काळ लोटलेला असतो की घेणाऱ्याला वाटते, आपल्याच हाताला गुण नाही. असे किती जण झाडांकडे पाठ फिरवून प्लास्टिककडे वळले असतील! माझ्या ओळखीतल्या एका दुकानदाराला मी याबद्दल विचारले तेव्हा 'लोकांना रंगीत पान लागतं' एवढेच उत्तर मिळाले. लोकांना रंगीत पान हवे असते हे खरे आहे. पण ते पाण्यात जगणार नाही, हे पाटीवर लिहायला काय हरकत आहे?

ओळखायचे कसे? झाड पाण्याबाहेर काढून आडवे धरा. खऱ्या बुडीत पाणवनस्पतीचे खोड आणि पान लुळे पडते, कारण तिला उभे ठेवायचे काम पाणी करत असते. जमिनीवरचे झाड आपल्या खोडाच्या आणि देठांच्या जोरावर ताठ राहते. पान जाड, चकचकीत, मेणचट आणि त्यावर पांढरे किंवा पिवळे पट्टे असले तर शंका घ्यावी. ही परीक्षा दर वेळी पुरी पडत नाही. ॲनुबियासचे पान जाड आणि कडक असूनही ते पाण्यात उत्तम जगते, आणि वर सांगितल्याप्रमाणे रोपवाटिकेत हवेत वाढलेले ॲमेझॉन स्वोर्डही ताठ असते. म्हणून झाडाचे शास्त्रीय नाव विचारावे, ते सांगता येत नसेल तर न घेता परत यावे.

पहिल्या लावणीसाठी कोणती झाडे? माझे उत्तर ठरलेले आहे. जी भराभर वाढतात ती. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हायग्रोफिला, लिम्नोफिला, आणि सेराटोफायलम, ज्याला दुकानात हॉर्नवर्ट म्हणतात. हॉर्नवर्टला मुळेच नसतात, ते खडीत खुपसू नका, तरंगते सोडा. पाण्यावर तरंगणारी थोडी झाडेही सुरुवातीला फार कामाची, कारण त्यांची पाने हवेत असतात, त्यांना कार्बन डायऑक्साइडची टंचाई नसते आणि ती पाण्यातले नत्र झपाट्याने ओढतात. ब्राह्मी, म्हणजे बकोपा, जरा सावकाश वाढते पण चिवट आहे. ॲनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस यांना कमी उजेड चालतो म्हणून नवशिक्यांना तीच सुचवली जातात. ती लावावीत, मलाही प्रिय आहेत, पण ती इतकी संथ वाढतात की अमोनिया उचलण्याच्या कामात त्यांच्यावर विसंबू नये. आणि प्रमाण! चार कोपऱ्यांत चार काड्या लावून काही होत नाही. पहिल्याच दिवशी तळाचा निम्म्याहून अधिक भाग झाडांनी झाकला जाईल एवढी झाडे लागतात. माशांवर होणारा सुरुवातीचा खर्च झाडांवर करा, एवढेच मी प्रत्येक घरात सांगते.

लावणी हे हातांचे काम आहे आणि मला त्यात अजूनही तितकाच आनंद मिळतो. खडी दोन ते तीन मिलिमीटरची, धुऊन घेतलेली, पाच ते सात सेंटिमीटर जाडीचा थर, मागे थोडा उंच. खडीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघावेत. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाण्याचा सामू आणि जडपणा वाढवत राहील. टाकीत आधी वीतभरच पाणी घ्यायचे. जुडीने मिळणाऱ्या झाडांच्या बुडाशी शिशाची पट्टी किंवा रबर असते, ते काढायचे. कुंडीतल्या झाडाच्या मुळांत राखाडी लोकरीसारखे रॉकवूल असते, ते चिमट्याने धागा न् धागा सोडवून काढायचे. राहिले तर नंतर खडीतून वर येऊन पाण्यात तरंगत राहते. मुळे दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापायची. जुडीतली प्रत्येक काडी वेगळी करून खालच्या दोन पेरांची पाने खुडायची आणि एकेक काडी चिमट्यात तिरकी धरून खडीत सरकवायची. चिमटा हळू उघडून थोडा हलवत बाहेर घ्यायचा, म्हणजे काडी त्याच्याबरोबर वर येत नाही. काड्यांमध्ये बोटभर अंतर हवे, जुडी तशीच खुपसली तर आतल्या काड्यांना उजेड पोचत नाही आणि त्या बुडापासून काळ्या पडतात.

व्हॅलिस्नेरियाच्या बुडाशी पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो ती रेषा खडीच्या पातळीवर राहिली पाहिजे. हिरवा भाग गाडला की गड्डा कुजतो. जरा खोल लावून मग हलकेच वर ओढले की मुळे खाली पसरतात आणि रेषा जागेवर येते. ॲनुबियास आणि जावा फर्नचे आडवे खोड तर कधीच खडीत गाडायचे नाही. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे, काही आठवड्यांत मुळे दगड धरतात. जावा फर्नच्या पानाच्या पाठीवर रांगेने तपकिरी-काळे ठिपके दिसले तर घाबरू नये, ते रोग नव्हेत, बीजाणूंचे पुंजके आहेत. जुन्या पानांच्या टोकाला इवलाली नवी रोपेही फुटतात.

लावणी चालू असताना वरची पाने सुकू नयेत म्हणून मधून मधून पाणी फवारत राहायचे. सगळे झाले की झाडांवर प्लास्टिकची पिशवी पसरून तिच्यावर बारीक धारेने पाणी ओतायचे, म्हणजे खडी उकरली जात नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून, हवा खेळती ठेवून निघून जाते, क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, मात्र असे निघत नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे तयार औषध मिळते ते वापरावे.

उजेडाबाबत मी फार कडक आहे. पहिले काही आठवडे दिवसाला सहा तास, झाडे रुजली की आठ. त्याहून जास्त नको. दिवा टायमरवर लावा, माणसाच्या आठवणीवर सोडू नका. रुजलेले नसताना झाड फारसा उजेड वापरू शकत नाही, तो सगळा शेवाळाच्या कामी येतो. खिडकीतले थेट ऊन टाळावे, त्याने पाणी हिरवे होते. नव्या टाकीत काचेवर आणि पानांवर तपकिरी पूड बसते, ती डायटम या सूक्ष्म शेवाळाची असते, बोटाने पुसली जाते आणि काही आठवड्यांत बहुधा आपोआप कमी होते. त्यासाठी रसायने ओतू नयेत. कार्बन डायऑक्साइडची टाकी, नळ्या, महागडे खत यांच्या जाहिराती बघून अनेक जण सुरुवातीलाच दबून जातात. वर सांगितलेल्या एकाही झाडाला त्यांची गरज नाही. ॲमेझॉन स्वोर्ड आणि क्रिप्टो मुळांतून जेवतात, त्यांच्या बुडाशी खडीत खताची गोळी पुरली की पुष्कळ झाले.

'रात्री झाडे सगळा ऑक्सिजन संपवतात, मासे मरतात' अशी भीती मला बऱ्याच घरांत ऐकू येते. झाडे अंधारात श्वसन करतात, ऑक्सिजन घेतात, हे खरे. पण दिवसभरात त्यांनी त्याहून जास्त दिलेला असतो आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता असला की हवेतून ऑक्सिजन येतच राहतो. फिल्टरची धार पृष्ठभागावर लाटा उठवेल अशी ठेवा. तरंगणारी झाडे मात्र सगळा पृष्ठभाग झाकू लागली तर काढत राहा.

झाडांबरोबर गोगलगायीही येतात. पानाच्या खाली पारदर्शक जेलीचा थेंब आणि त्यात बारीक ठिपके दिसले तर ती त्यांची अंडी. नको असतील तर नखाने खरवडून काढावीत. मला स्वतःला त्या नकोशा वाटत नाहीत, कुजके पान त्या माझ्याआधी शोधतात. चतुराच्या अळ्या मात्र नक्की तपासा, त्या माशांची पिल्ले खातात. आणि टाकीत पुढे कोळंबी ठेवायची असेल तर आणलेली झाडे आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत, भिजत ठेवा. रोपवाटिकेत कीटकनाशक फवारलेले असेल तर त्याचा अंशही कोळंबीला पुरतो.

एवढे झाले की मासे. कधी? नवी पाने दिसू लागली, जुनी कुजणे थांबले आणि टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की थोडे, चार-पाच लहान मासे आणावेत. मग पुन्हा मोजावे आणि मगच पुढचे. किट नसेल तर मासे आणू नयेत असे मी स्पष्टच सांगते, पाण्याकडे नुसते बघून कुणालाही हे कळत नाही. मासे निवडतानाही झाडांचा विचार करावा. गोल्डफिश कोवळी पाने खातात आणि खडी उकरून झाडे उपटतात, सिल्व्हर डॉलर तर अख्खी बाग फस्त करतो. गप्पी, प्लाटी, टेट्रा यांच्याबरोबर झाडे सुखाने वाढतात. शिवाय झाडांत मासे धीट होतात. उघड्या टाकीत कोपरा धरून बसणारा टेट्रांचा थवा झाडे दाट झाली की मधोमध येतो, नर रंगात येतात, गप्पीची पिल्ले हॉर्नवर्टच्या काट्यांमागे लपून वाचतात. दवाखान्यात वाट बघत बसलेली मुले प्लास्टिकच्या झाडांच्या टाकीसमोर मिनिटभर थांबतात आणि झाडांच्या टाकीसमोरून उठत नाहीत, हे मी नेहमी बघते.

शेवटी एक गोष्ट, जी लेखात यायलाच हवी होती. ही झाडे भराभर वाढतात, म्हणजे दर काही आठवड्यांनी कापावी लागतात आणि कापलेला ढीग कुठे टाकायचा हा प्रश्न येतो. तो ओढ्यात, नदीत, तलावात टाकू नये. आज जगभरच्या जलाशयांवर पसरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेचे झाड म्हणून बाहेर पडली. हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथले कालवे तिने कोंडून टाकले. युरोपीय संघाने २०१६ मध्ये धोकादायक परक्या जातींची जी पहिली यादी केली, तिच्यात जलपर्णीबरोबर मत्स्यालयात लोकप्रिय असलेला कॅबोम्बाही आहे. हायड्रिलाचा बोटभर तुकडासुद्धा नवे झाड होऊ शकतो. कापलेली झाडे उन्हात पूर्ण वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळावीत, किंवा ज्यांनी नवी टाकी घेतली आहे त्यांना द्यावीत. पहिली लावणी दाट हवी म्हटले की खर्चाची अडचण येते, ती याने बरीच सुटते. मी देखभाल करते त्या घरांमध्ये काड्यांची अशी देवघेव सतत चालू असते.

माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीच्या येत्या एखाद्या अंकात झाडांवर वेगळा भाग द्यावा आणि त्यात जमिनीवरच्या पण पाण्यातली म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडांची छायाचित्रे, खऱ्या पाणवनस्पतींच्या शेजारी, नावांसह छापावीत. ड्रॅसिना, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, पीस लिली आणि हेमिग्राफिस ही पाच तरी असावीतच. ते कात्रण वाचकांना दुकानात बरोबर नेता येईल. छायाचित्रांसाठी झाडे लागली तर दोन्ही प्रकारची मी आणून देईन.

आपली,
मत्स्यालयांची देखभाल करणारी एक वाचक